पदवीचं कॅलिब्रेशन

(चिखली येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



टाळगाव चिखलीत बोलायला उभं राहिलं की पहिल्यांदा आठवतात ते तुकोबांचे टाळकरी मल्हारपंत कुलकर्णी. ते या गावचे. आज गावाच्या चहूबाजूंना, तळवडे, भोसरी आणि पार चाकणपर्यंत, यंत्रांचा ठेका चालू असतो. समोर बसलेल्या कितीतरी जणांनी रोजच्या कामात मायक्रोमीटर आणि व्हर्निअर हाताळले असतील. म्हणून विद्यापीठांविषयी बोलताना मी सुरुवात तुमच्याच हत्यारापासून करतो.

कारखान्यातल्या मापनसाधनावर एक छोटा स्टिकर असतो. मागचं कॅलिब्रेशन कधी झालं आणि पुढचं कधी करायचं, अशा दोन तारखा त्यावर असतात. दुसरी तारीख उलटली की ते साधन बाजूला ठेवायचं, मग ते दिसायला कितीही चांगलं असो. त्याची तुलना स्लिप गेजशी होते. स्लिप गेज प्रयोगशाळेत तपासली जाते, प्रयोगशाळेची मापं त्याहून वरच्या मापाशी ताडली जातात आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. कुठलंही माप स्वतःच स्वतःला बरोबर ठरवत नाही, हे या साखळीचं मर्म.

पदवी हेही एक मापच आहे. विद्यापीठ एखाद्या मुलीला बी.ई. म्हणतं, तेव्हा ते समाजाला हमी देत असतं की हिला इतकं समजतं, इतकं करता येतं, इतका विचार करता येतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. विद्यार्थी म्हणजे मशीनवरचा जॉब, असं मी म्हणत नाही. तपासायचं आहे ते माणसाला लावलेलं माप.

ही तपासणी आपल्याकडे तीन ठिकाणी होते आणि पालकांचा गोंधळ इथेच उडतो. पहिली नॅक. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९९४ साली स्थापन केलेली ही बंगळुरूची संस्था पूर्ण महाविद्यालयाचं किंवा पूर्ण विद्यापीठाचं मूल्यांकन करते. दुसरं एनबीए. तेही १९९४ चंच, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं सुरू केलेलं आणि २०१० पासून स्वायत्त. ते एकेका अभ्यासक्रमाची तपासणी करतं. त्यामुळे एकाच महाविद्यालयातल्या मेकॅनिकलला एनबीएची मान्यता असते आणि शेजारच्या शाखेला नसते, असं होऊ शकतं. मान्यता मिळते तीही मुदतीची, तीन किंवा सहा वर्षांची. म्हणजे इथेही स्टिकर आहे, त्यावर तारीख आहे. २०१४ साली भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठीच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, त्यामुळे एनबीएच्या टिअर-१, म्हणजे स्वायत्त संस्थांसाठीच्या, मान्यतेच्या पदव्यांना इतर सदस्य देशांत समकक्ष मानण्याची वाट मोकळी झाली. तिसरं ठिकाण खुद्द विद्यापीठ. तिथे अभ्यास मंडळ अभ्यासक्रम तयार करतं, मग तो विद्याशाखेकडून विद्या परिषदेकडे जातो.

जूनमध्ये मुलांच्या प्रवेशासाठी फिरणाऱ्या आईवडिलांना माझी विनंती आहे. फाटकावरची नॅकची ‘ए प्लस’ श्रेणी बघून परत फिरू नका. आपल्या मुलाच्या शाखेला मान्यता आहे का आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे दोन प्रश्न विचारा. ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम आलो, तिच्याकडे वळतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत विद्यार्थ्याची ओळख पॅटर्नवरून, म्हणजे त्या त्या वर्षी लागू झालेल्या अभ्यासक्रमावरून, होते. कुणी २०१२ पॅटर्नचा, कुणी २०१५ चा, कुणी २०१९ चा, आणि आता २०२४ चा. जरा बोटांवर मोजू या. पदवी चार वर्षांची. नवा पॅटर्न आधी पहिल्या वर्षाला लागतो आणि दरवर्षी एक पायरी वर चढतो. २०१२ चा पॅटर्न शेवटच्या वर्षाला पोचला तो २०१५-१६ मध्ये. त्याच वर्षी खाली पहिल्या वर्षाला २०१५ चा पॅटर्न सुरू झाला. म्हणजे जुन्याची पहिली तुकडी अजून शेवटच्या वर्षाच्या बाकांवर बसत होती, तोवर त्याची जागा घेणारा नवा पॅटर्न वर्गात आलाही होता. २०१५ ची पहिली तुकडी २०१९ मध्ये बाहेर पडली आणि त्याच वर्षी पुढचा पॅटर्न लागला. त्याची पहिली तुकडी २०२३ मध्ये बाहेर पडली आणि एका वर्षात २०२४ चा आला.

या बदलांना कारणं होती. मधल्या काळात श्रेयांक पद्धत आली, विषय निवडण्याची मुभा आली, मग २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. ती कारणं खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. पण ती सगळी बाहेरून आली. आधीचा पॅटर्न शिकून जी मुलं चाकणच्या एखाद्या लाइनवर उभी राहिली, त्यांना तिथे काय कमी पडलं आणि काय उपयोगी ठरलं, हे विचारायला मधे वेळच उरला नव्हता. ज्याचा निकाल हाती आलेला नाही, ते बदलून टाकण्याला आढावा कसं म्हणायचं? गेज तपासून, फरक लिहून ठेवून ती बदलली तर शहाणपण वाढतं. न तपासता बदलली तर फक्त गेज नवी होते. या धावपळीची खरी किंमत भरतो तो एखादा विषय राहिलेला विद्यार्थी. दोन पॅटर्नच्या फटीत अडकून तो समकक्ष विषय शोधत हेलपाटे घालत राहतो.

मी तीस वर्षं अभियांत्रिकी शिकवली. मान्यतेसाठी समिती येणार म्हणून रात्र रात्र जागून फायली भरलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यात माझाही हात होता. कोणत्या विषयाचं कोणतं उद्दिष्ट किती टक्के साध्य झालं याचे तक्ते आम्ही भरायचो आणि आकडे एकमेकांशी जुळावेत यासाठी जास्त झटायचो. समितीला काय सांगायचं याची मुलांकडून तालीम करून घेतली जायची. ऑडिटच्या आदल्या दिवशी शॉपमध्ये होणारी झाडलोट तुम्हाला ठाऊक आहे, तसंच ते होतं. काही वर्षांनी माझा एक विद्यार्थी भेटला. चाकणला एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात होता. म्हणाला, “सर, आमचा कस्टमर दर महिन्याला विचारतो, आमचा पार्ट कसा चालला. कॉलेजनं मला एकदासुद्धा विचारलं नाही की मी कसा चाललोय.” त्या वाक्यानं मला जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याही कार्यशाळेनं शिकवलं नाही.

तपासणीत कागदच सर्वस्व झाला की लोभ शिरतो. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयनं लाचेच्या आरोपावरून नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांना अटक केली. तपासणाराच संशयाच्या घेऱ्यात आला की त्या समितीशी काही संबंध नसलेल्या हजारो प्रामाणिक पदव्यांकडेही लोक संशयानं बघू लागतात. म्हणून तपासणी बंद करावी असं मी म्हणत नाही. ती मनापासून व्हावी, एवढंच माझं मागणं आहे.

मनापासून म्हणजे कशी, हे तुमच्या दिंडीत दिसतं. टाळकऱ्याची लय चुकली तर ती आधी शेजारच्या टाळकऱ्याच्या कानाला लागते. त्याच विद्येत मुरलेला, पण आपल्या घरचा नसलेला माणूस, हाच खरा परीक्षक. इंग्लंडमध्ये १८३२ साली स्थापन झालेल्या डरहॅम विद्यापीठानं सुरुवातीच्या काळातच परीक्षेसाठी ऑक्सफर्डचे परीक्षक बोलावले आणि तिथून बाहेरच्या परीक्षकाची रीत रुजली.

बाहेरच्या परीक्षकाची ही गरज आता चिखलीच्या अगदी दाराशी आली आहे. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकामाच्या कामासाठी माणसं घडवणारा अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. त्याचंच पुढे सीओईपी, म्हणजे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे, झालं. २००३ साली त्याला स्वायत्तता मिळाली, २०२२ साली ते स्वतःच विद्यापीठ झालं आणि त्याचं दुसरं आवार आपल्या या चिखलीत आहे. स्वायत्त संस्थेला पॅटर्नसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हे मोठं बळ आहे. पण जी संस्था शिकवते, तीच परीक्षा घेते आणि तीच पदवी देते, तिला शेजारच्या टाळकऱ्याच्या कानाची गरज सर्वांत जास्त असते.

मग आढाव्यात विचारायचं काय? तुकडी बाहेर पडून तीन-चार वर्षं झाली की त्यांनाच विचारा, काय शिकलात ते टिकलं आणि काय पुन्हा शिकावं लागलं. कारखान्यांना जरूर विचारा, पण फक्त त्यांनाच नको. आजच्या मशीनला लागणारा माणूस कारखाना सांगेल. त्या मशीनची जागा दुसऱ्या मशीननं घेतल्यावर तग धरणारा माणूस कसा घडवायचा, हे विद्यापीठालाच ठरवावं लागेल. नापास झालेल्यांना विचारा, मधेच सोडून गेलेल्यांना विचारा, कारण मापातली चूक त्यांच्या अंगावर उमटलेली असते. शिकवणाऱ्यांना भीती न घालता विचारा. आणि जे सापडेल ते गावातल्या कुणालाही वाचता येईल अशा मराठीत छापा.

शेवटी पुन्हा तुमच्या शॉपमध्ये येतो. कॅलिब्रेशनला गेज चुकीची निघाली, तर नुसती गेज बदलून भागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या कॅलिब्रेशननंतर त्या गेजनं काय काय तपासलं होतं, ते शोधावं लागतं. गेलेल्या मालाचाही विचार करावा लागतो. आपल्या विद्यापीठांनी हा नियम तुमच्याकडून घ्यावा. अभ्यासक्रमात उणीव सापडली तर पुढच्या तुकडीसाठी ती भरून काढाच. पण जी मुलं ती उणीव घेऊन बाहेर पडली, त्यांनाही बोलवा. संध्याकाळच्या वर्गाला बोलवा, रविवारी बोलवा, आणि राहिलेलं शिकवा. चूक त्यांची नव्हती. पदवीवर सही विद्यापीठाची आहे.