उरलेली पोळी कोणाच्या ताटात?

नाशिककर म्हटलं की रविवारी मिसळ, हे ठरलेलंच. आमच्या घरी तर एक जेवण संपायच्या आत पुढच्याची चर्चा. त्यामुळे रात्री चार-पाच पोळ्या उरतातच. सुट्टीच्या सकाळी त्यांचा कुस्करा: कांदा, मिरची, कढीपत्ता, दाणे, वरून लिंबू. त्यावर भांडणं होतात!

भाताचं मात्र जपून हं. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात रात्रभर बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते फोडणी दिली तरी जात नाही. तेव्हा रात्रीच फ्रिजमध्ये टाका.

2020 मध्ये वर्क फ्रॉम होम म्हणून पुण्याहून घरी आलो, तेव्हा एक दिसलं. एरवी आम्हाला गरम पोहे, आणि आई ओट्याशी उभी राहून कालची पोळी चहात बुडवून खातेय. विचारलं तर, "अरे, मला आवडते." इतकी वर्षं मी हे खरं मानलं होतं.

आता उरलेल्या पोळ्या सगळ्यांत वाटतो. पहिल्या दिवशी बाबांनी तोंड वाकडं केलं. परवा मी केलेल्या पोह्यांची पहिली प्लेट आईने घेतली, बसून खाल्ली, आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."