बार्शी लाईटची धाकटी बहीण

(आमच्या रेडिओ केंद्रावर झालेलं हे बोलणं थोडं आवरून छापत आहोत.)

केंद्राच्या ताई मला म्हणाल्या, लेकीकडे ऑस्ट्रेलियाला जाऊन आलात, तिथलं काहीतरी सांगा. मी म्हटलं, काय सांगू? मेलबर्नला सहा महिने राहिले, त्यातले चार महिने शेजारच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजात गेले. ताई हसल्या. म्हणाल्या, मग गॅरेजाचंच सांगा.

तर गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. बाळाची अंघोळ, शेक, डिंकाचे लाडू हे सगळं सकाळी दहापर्यंत उरकायचं. मग लेक आणि बाळ झोपायचे, जावई कामावर. आणि मी खिडकीशी. तिथं दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आयुष्यभर अंगणवाडी चालवलेली बाई मी, पन्नास पोरांच्या गलक्यात राहिलेली. आठवड्याभरात माझ्या डोक्याला मुंग्या आल्या.

शेजारी एक इंग्रज म्हातारा एकटाच राहायचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. लेकीनं ओळख करून देताना 'ही माझी आई' म्हटलं, तर त्याला वाटलं माझं नावच 'आई'. शेवटपर्यंत मला आईच म्हणाला. मी त्यांना बाबा म्हणायला लागले. एकदा कुंपणावरून डिंकाचा लाडू दिला, तर त्यांनी हातानं खूण करून गॅरेजात बोलावलं. मोटार बाहेर उन्हात, आणि आत मोटारीच्या जागी आठ फूट लांब, दोन फूट रुंद असं एक लाकडी टेबल. त्यावर डोंगर, नदी, ठेशन आणि रेल्वे. टाचणीएवढी माणसं. मी मनात म्हटलं, म्हातारा पोरासारखा खेळतोय.

पण मग भिंतीवरचा फोटो दिसला. जुना, काळापांढरा. त्यात एक बुटकं इंजिन, आणि त्याच्या कपाळावर भला मोठा दिवा. माझ्या तोंडून निघून गेलं, ''अगं बाई, बार्शी लाईट!''

बाबांच्या हातातला ब्रश खाली पडला. ''बार्शी?'' म्हणाले. मग इंग्रजीत बरंच काही बोलले. मला 'बार्शी'शिवाय एक अक्षर कळलं नाही. मी धावत जाऊन लेकीला उठवून आणलं.

आता तुमच्यातल्या चाळिशीच्या वरच्या बायकांना बार्शी लाईट सांगायला नको. कुर्डुवाडीची ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती काढली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. त्याची युक्ती अशी, की रूळ हलके, स्वस्त. पण गाडीचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटून द्यायचं, म्हणजे छोट्या गाडीवरही मोठा माल जातो. आषाढीला टपावर माणसं बसायची ती हीच गाडी. आमचे अण्णा या लाईनवर सांधेवाले होते. कुर्डुवाडी आणि पंढरपूरच्या मधलं एक लहानसं ठेशन. आमचं बालपण त्या रुळांच्या कडेला गेलं. आता तिथं मोठी लाईन झाली, ती छोटी गाडी राहिली नाही.

मला जे माहीत नव्हतं ते बाबांनी सांगितलं. याच कॅलथ्रॉपनं बार्शीनंतर इंग्लंडात तशीच अडीच फुटी लाईन केली. स्टॅफर्डशायर नावाच्या भागात, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात. १९०४ साली सुरू झाली. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर. इंजिनं दोनच, लीड्स गावच्या किटसन कारखान्यात बनलेली, त्यातल्या एकाचं नाव 'ई. आर. कॅलथ्रॉप'. डबे पिवळसर रंगाचे, टोकाला उघडा ओटा असलेले, आपल्याकडच्यासारखे. इंग्लंडच्या थंडीपावसात हिंदुस्थानी थाटाची गाडी! त्या खोऱ्यात चुनखडीचे डोंगर आहेत, आणि नदी उन्हाळ्यात चक्क जमिनीखाली गडप होते. गाडी चालायची मुख्य दुधावर. खेड्यापाड्यांतलं दूध न्यायची. पुढे तिथली डेअरी बंद पडली, मोटारलॉऱ्या आल्या, आणि मार्च १९३४ मध्ये गाडी बंद झाली. रूळ उचलले. आज त्या वाटेवरून लोक पायी फिरतात.

बाबांचा जन्म त्यानंतरचा. ती गाडी त्यांनी कधी बघितलीच नाही. त्यांची आई लहानपणी तिच्यातून जायची, ती सांगायची. पुढे हे दहा पौंडांच्या तिकिटावर बोटीनं ऑस्ट्रेलियाला आले. त्या काळी ऑस्ट्रेलिया सरकार इंग्लंडच्या लोकांना असं स्वस्तात आणत होतं. कारखान्यात लेथवर जन्म काढला. रिटायर झाल्यावर आईनं सांगितलेलं ठेशन बांधायला घेतलं. बार्शीचं नाव त्यांनी शंभरदा पुस्तकात वाचलेलं, पण त्या गाडीत बसलेलं माणूस त्यांना पहिल्यांदा भेटलं ते मी.

आणि घाई अशासाठी, की त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. कडेचं दिसायचं, बरोबर मधलं पुसट. डॉक्टरांनी सांगितलेलं, हे सुधारणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज अकराला जायला लागले.

आधी मापाचं सांगते, कारण मला त्याचीच गंमत वाटली. सगळं खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाचं. एक फूट म्हणजे चार मिलिमीटर. माझ्यासारखी पाच फुटी बाई दोन सेंटीमीटर. अख्खी लाईन करायची तर पावणेदोनशे मीटर जागा लागली असती, म्हणून शेवटचं हुल्म एंड एवढं एकच ठेशन. अडीच फुटांचे रूळ या मापात बरोबर एक सेंटीमीटर व्हायला हवेत. पण बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो, म्हणून सगळे तोच वापरतात. मी म्हटलं, म्हणजे एक मिलिमीटरची लबाडी. बाबांनी तोंडावर बोट ठेवलं.

परदेशात बसून इंग्लंडची गाडी करायची म्हणजे मोठी अडचण. हे शहात्तराचं माप इंग्लंडातच जास्त चालतं. बाकी जगात सत्त्याऐंशीचं माप. म्हणजे मेलबर्नच्या दुकानातली माणसं आणून उभी केली, तर ती इंग्लंडच्या दाराशी बुटकी दिसतात. सगळं पोस्टानं मागवायचं, आठवडे वाट बघायची. आणि किमती! एका इंजिनाच्या पैशात आपल्याकडे चांगली गाभण शेळी यावी. इंजिनाचं वरचं कवच बाबांनी सुटे भाग जोडून केलेलं, खाली दुसऱ्या छोट्या इंजिनाची तयार चाकं आणि मोटर. वीज फक्त बारा व्होल्टची. एका रुळातून येते, इंजिनाच्या चाकांतून मोटरीत जाते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. रुळावर धूळ बसली की गाडी अडली. रोज सकाळी रूळ पुसणं हे माझं काम झालं.

डोंगराचं काम मात्र मला शिकवावं लागलं नाही. थर्माकोलचे तुकडे रचायचे, वर लगदा थापायचा. आपण गौरी-गणपतीची आरास करतो तेच. माझी आजी कागद भिजवून, मेथी घालून, कुटून टोपल्या करायची. तसाच लगदा मी केला, मेथीऐवजी त्यांचा पांढरा डिंक घातला. बाबा नखानं टोचून बघत राहिले. मातीला चहाचा चोथा, वाळवून चाळलेला. गवताला लाकडाचा भुसा हिरव्या रंगात. झाडांसाठी रस्त्याकडेला रानटी बडीशेप वाळून उभी असते, तिचे तुरे. दुधाचे कॅन हवे होते. लेकीच्या तुटलेल्या माळेतले नळीसारखे मणी घेतले, राखाडी रंगवले. चौदा कॅन फलाटावर ओळीनं लावले. बाबा म्हणाले, माझ्या आईनं इतके कॅन एका वेळी कधी पाहिले नसतील. मी म्हटलं, असू दे, आपल्या ठेशनात दूध जास्त.

मग माझ्या हातून एक घोटाळा झाला.

रुळांच्या मध्ये खडी टाकायची होती. खडी म्हणजे रव्याएवढी बारीक कच. ती ब्रशनं सारखी करायची, आणि मग पाण्यात पातळ केलेला डिंक, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, औषधाच्या ड्रॉपरनं टिपटिप सोडायचा. साबणानं पाणी खडीत मुरतं, नाहीतर वर गोळे होतात. दोन दिवस मान मोडून मी ते केलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी गाडी सोडली. ठेशनाबाहेरच्या सांध्यावर इंजिन उडालं, टेबलाच्या काठावरून खाली सिमेंटवर पडलं.

त्यांनी ते उचललं. पुढची पायरी वाकली होती, एक चाक तिरकं. बोलले काही नाहीत. चूक कुठली हे त्यांना दिसत नव्हतं. पुन्हा पुन्हा डोळे टेबलाजवळ नेत होते आणि दिसत नव्हतं. ते बघवेना. मी घरी आले. त्या रात्री जेवण गेलं नाही. लेक म्हणाली, खेळण्यातलं इंजिन आहे आई, एवढं काय. मी तिच्यावर ओरडले, बाळ उठलं.

पहाटे अण्णा आठवले. गाडी यायच्या आधी अण्णा सांध्यापाशी जायचे आणि गुडघ्यावर बसून, गाल जवळजवळ रुळाला लावून एका डोळ्यानं बघायचे. आम्ही पोरं नक्कल करायचो. एकदा मला जवळ बसवून दाखवलं होतं, सांध्याची ही हलणारी पट्टी मोठ्या रुळाला चिकटून बसली पाहिजे. मध्ये एक खडा आला, की फट राहते. त्या फटीत चाक शिरतं.

सकाळी बाळाची अंघोळसुद्धा टाकून गेले. गाल टेबलाला लावला. बॅटरी धरली. डाव्या पट्टीच्या मागे खडीचा एक कण, माझ्याच डिंकानं चिकटलेला. मोहरीपेक्षा लहान. सुई कोमट पाण्यात बुडवून तो सोडवला. मग डिंक पट्टीच्या खालूनही पुसला, कारण तो तिथंही वाळला होता. पट्टी टक करून बसली.

बाबांना तो आवाज ऐकू आला. त्यांनी माझ्याकडून सांधा चार-पाच वेळा इकडेतिकडे करून घेतला. दुरुस्त इंजिन तीन दिवसांनी रुळावर आलं. त्यानंतर त्यांची रीतच झाली. गाडी सोडायच्या आधी मी गाल लावून बघणार, हात वर करणार, मगच ते बटण फिरवणार. उन्हाळा आला, पारा चाळिशीवर गेला आणि पत्र्याच्या गॅरेजात रूळ फुगून वर उचलले, तेव्हा दोन रुळांमध्ये फट ठेवायला मीच सांगितलं. अण्णांचंच ज्ञान. मॅट्रिकही नव्हते आमचे अण्णा.

मी निघाले तेव्हा नदीचं पाणी आणि मागचा गाडीचा शेड राहिला होता. मध्ये लेकीनं फोनवर चलचित्र दाखवलं. नदी झाली आहे. बाबांना आता फलाट दिसत नाही. पण सांध्यावरून गेलेल्या चाकांचा आवाज ऐकून गाडी कुठं आहे ते सांगतात. शेड त्यांचा नातू करतोय, आणि लेक म्हणाली, अगदी वाकडा करतोय.

इकडे आल्यावर मी आमच्या पडवीत एक जुन्या दाराची फळी मांडली. तिच्यावर अण्णांचं ठेशन करतेय. इंजिन नाही, ते परवडायचं नाही. रूळ सायकलच्या तारेचे, नुसते दिसण्यापुरते. गटातल्या बायका येऊन बघतात. एक म्हणाली, याचा उपयोग काय? मला उत्तर सुचलं नाही. दुसरी म्हणाली, माझ्या नवऱ्याला पत्ते खेळताना कोण विचारतं उपयोग काय ते! आणि मग खाली बसून लिंबाचं झाड करायला लागली. तिचं झाड माझ्यापेक्षा चांगलं झालंय, हे इथं रेडिओवर कबूल करते. सूनबाई मात्र पडवी अडली म्हणून धुसफुसते, तेही खरं आहे.

तुमच्यातलं कुणी पुण्याला गेलं, तर तिथं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे. मुलांना दाखवा, स्वतःही बघा.

आता माझं एक काम आहे, त्यासाठीच खरं तर आज आले. आमच्या ठेशनात सांधेवाल्यांची खोली होती आणि तिच्यामागे पाण्याची लोखंडी टाकी. तिची शिडी कुर्डुवाडीच्या बाजूला होती की पंढरपूरच्या, हे मला काही केल्या आठवत नाही. माझा भाऊ एक सांगतो, बहीण दुसरं. त्या लाईनवर कामाला असलेल्यांच्या घरातल्या, माझ्या वयाच्या कुणी ऐकत असतील, तर केंद्रावर ताईंना कळवा. कुणाकडे लग्नातला, जत्रेतला, कसलाही फोटो असेल आणि त्यात मागे ठेशन आलं असेल तर तोही चालेल. फोटो मी बघून परत देईन. नमस्कार.