कुलपाच्या घरांची मोजणी



आम्ही गिरणीतली माणसं. सूत किती निघालं आणि वाया किती गेलं, याचा हिशेब रोज खात्यात होतो. तसाच हिशेब आज माणसांचा करायचा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा बीड जिल्हा हैद्राबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्यासाठी शंभरावर माणसं हुतात्मा झाली, त्यांत गिरणीतले भाऊ होते. त्यांच्या लालबाग-परळचं पुढं काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, नंतर एकेक गिरणी बंद पडली, पगार थांबला. २००१ च्या खानेसुमारीत मुंबई शहर जिल्ह्यात ३३ लाख ३८ हजार माणसं होती, २०११ ला ३० लाख ८५ हजार राहिली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. चाळीतला माणूस कल्याण-बदलापुराकडं सरकला, त्याच्या जागी टॉवर उठले. ते कायमचं जाणं होतं म्हणून आकड्यात तरी दिसलं. आमचं बीडचं जाणं आकड्यात दिसतच नाही.

आमच्या बीड शहराच्या कडेच्या वस्त्या बघा. जिथं ज्वारी डोलायची तिथं प्लॉट पडले. पाटोदा, शिरूर, वडवणीकडची माणसं आली, आधी पत्रा टाकला, मग कुणी कुणी स्लॅब ओतला. एका गल्लीत मास्तर राहतो, एस.टी.चा ड्रायव्हर राहतो, त्यांचा पगार महिन्याला येतो. शेजारच्याच गल्लीत ऊसतोडीचं बिऱ्हाड. वरून बघणारा म्हणेल, वस्ती सुधारली. अहो, घरं सुधारली. घरातल्या पैशाचं काय?

तो पैसा कसा येतो, ते गिरणीवाल्यानं नीट समजून घ्यावं. आपल्याला आधी काम, मग पगार. ऊसतोड्याला आधी पैसा, मग काम. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच त्या कोयत्याला उचल देतो. त्यात पोरीचं लग्न होतं, दवाखाना होतो, जुनं देणं फिटतं. मग दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड निघतं आणि टनामागं मजुरी मोजून ती उचल फेडायची. आजारी पडलं, ऊस कमी तुटला, तर राहिलेली बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ मिळाली, ती चांगलीच झाली. पण उचलीला उत्पन्न म्हणता येत नाही, ते कर्ज आहे.

आणि इथंच मोजणीची गंमत आहे. (गंमत कसली, थट्टाच.) खानेसुमारीत घराचं उत्पन्न विचारतच नाहीत. टी.व्ही. आहे का, मोबाईल आहे का, मोटारसायकल आहे का, एवढं विचारतात. ही घरांची यादी २०१० च्या उन्हाळ्यात झाली. तेव्हा बिऱ्हाड घरी, आणि उचलीतून घेतलेली गाडी दारात! लिहिणाऱ्यानं लिहिली. पुढं माणसं मोजली ९ ते २८ फेब्रुवारी २०११ ला. तेव्हा त्याच दाराला कुलूप, आत म्हातारी असली तर असली. नियम असा, की मोजणीचे सगळे दिवस जो बाहेर आहे तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. म्हणजे आमचा माणूस पश्चिम महाराष्ट्राच्या फडात नाहीतर सीमेपलीकडं बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यावर कोपीत मोजायचा. तिथं तरी कोण गेलं होतं? पहाटे कोपी सोडून माणूस फडात जातो तो अंधार पडल्यावर येतो.

जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार म्हणून छापली गेली. शाळा, दवाखाना, रेशनचं धान्य, सगळं असल्या आकड्यांवर ठरतं. त्या आकड्यात आमची कुलपं कितीशी धरली?

आता पुढची मोजणी १ मार्च २०२७ या तारखेला धरून ठरली आहे. म्हणजे माणसं मोजायची ती पुन्हा ऐन हंगामात. आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक कारखान्याच्या तळावर मोजणारा रात्री गेला पाहिजे, मुकादमाच्या वहीवरून नावं उतरवून चालणार नाही. आणि तिथली माणसं कुठल्या जिल्ह्याची, याचा वेगळा आकडा जाहीर झाला पाहिजे.

आपणही एक काम करायचं. तुमच्या घरचं, भावकीतलं कुणी कोयत्यावर जात असेल तर निघायच्या आधी त्याला गाठा. २०११ च्या फॉर्मात जन्मठिकाण, आधीचं राहण्याचं ठिकाण, ते सोडायचं कारण आणि मातृभाषा असे रकाने होते. त्याला सांगा, मोजणारा कोपीवर आला तर बीड जिल्हा सांग, कामासाठी आलो सांग, भाषा मराठी सांग. बेळगावकडं असशील तर भाषा दोनदा सांग, आणि त्यानं काय लिहिलं ते वाचून दाखव म्हण. बाईचं नाव, पोरांची नावं राहू देऊ नकोस. कोयता एक असला तरी माणसं दोन आहेत.