शह, चेक आणि मराठी क्रियापद

आजच्या व्याख्यानासाठी मी एक अगदी रोजचे इंग्रजी क्रियापद घेतले आहे : चेक. भिवंडी तालुक्यात त्याच्याशी गाठ पडत नाही असा माणूस सापडणे कठीण. यंत्रमागावरून उतरलेले कापड उजेडावर धरून सुटलेला धागा शोधतात, ते चेकिंग. त्याच कापडावर चौकडी विणलेली असली तर ते चेक्सचे. मालाचे पैसे येतात तो चेक. ठाण्याहून मुंबईत शिरताना लागतो तो मुलुंडचा चेकनाका. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, पण नाक्याचे नाव गेले नाही. हे चारही अर्थ एकाच बुंध्याच्या फांद्या आहेत, आणि बुंधा आहे बुद्धिबळाच्या पटावर.

इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला, फ्रेंचकडे तो मध्ययुगीन लॅटिन आणि अरबीच्या वाटेने पोचला, आणि मूळ शब्द फारसी : शाह, म्हणजे राजा. पटावर राजावर चाल आली की प्रतिस्पर्ध्याला 'शाह' असे सांगून सावध करायचे. राजा अडला की खेळ थबकतो, म्हणून 'अडवणे' हा अर्थ आला; अडवण्यातून लगाम आला, आणि ताब्यात ठेवायचे तर ताडून पाहावे लागते, म्हणून आज सर्वांत रुळलेला पडताळण्याचा अर्थ बराच उशिरा, सतराव्या शतकाच्या सुमारास, घट्ट झाला. चौकडीचा अर्थ पटावरच्या घरांवरून आला. नॉर्मन इंग्लंडच्या खजिन्यात चौकटी आखलेले कापड मेजावर पसरून त्यावर हिशेब मांडत. बाराव्या शतकातला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्या मेजाचे माप दहा फूट लांब, पाच फूट रुंद असे नोंदवले आहे. पटासारख्या दिसणाऱ्या त्या मेजावरून इंग्लंडच्या खजिन्याला एक्सचेकर हे नाव पडले. बँकेचा चेक मुळात लबाडी पकडण्यासाठी जपलेले स्थळप्रतीचे पान होता.

आता मराठीकडे वळू. फारसीतला तोच शाह आपल्याकडे थेट आला आणि 'शह' झाला. शह देणे, काटशह, मात करणे हे शब्द आपल्या राजकारणाच्या बातम्यांत रोज असतात. म्हणजे एकच शब्द मराठीत दोनदा आला : एकदा फारसीच्या दरवाज्याने, एकदा इंग्रजीच्या. दोघांनी कामही वाटून घेतले आहे. इंग्रजीत चेकचा जो 'रोखणे' हा अर्थ आजही जिवंत आहे, तो मराठीने घेतलाच नाही, कारण ती जागा शहाने आधीच धरली होती. आणखी मागे गेले तर शाह हा शब्द प्राचीन इराणी 'क्षायथिय' या रूपातून घडला आहे आणि ते रूप आपल्या क्षत्र, क्षत्रिय या शब्दांच्या कुळातले आहे. मग या शब्दाला परका म्हणून हाकलायचे तर कोणत्या टप्प्यावर?

हा प्रश्न भाषाशुद्धीच्या भूमिकेला विचारावा लागतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; विसाव्या शतकात सावरकरांनी तीच चळवळ नव्या जोमाने चालवली आणि दिनांक, महापौर असे शब्द आपल्याला दिले. त्या प्रयत्नांविषयी मला मनापासून आदर आहे. पण जन्मस्थान ही शब्दाची कसोटी धरली तर घोटाळा होतो. 'चेक करणे' नको, 'तपासणे' म्हणा, असा सल्ला आपण देतो. आणि कोशकार तपास हा शब्द अरबीशी जोडतात. एका पाहुण्याला घालवायला आपण जुन्या पाहुण्यालाच पुढे करतो. तरीही सल्ला चुकीचा नाही. तो बरोबर का आहे, याचे कारण मात्र वेगळे आहे.

तपास शब्द आला आणि मराठीने त्याला 'णे' लावले. तपासणे झाल्यावर त्यातून तपासणी निघाली, तपासणारा निघाला, तपासलेला आणि तपासून निघाले. बदल, खर्च यांचे बदलणे, खर्चणे झाले. फर्मावणे, आजमावणे हीही फारसीचीच देणगी. असा शब्द मराठीच्या मुशीतून निघतो आणि पुढे स्वतः नवे शब्द घडवतो. याउलट इंग्रजी क्रियापद मराठीत नाम होऊन बसते आणि क्रियेचे सगळे ओझे 'करणे'वर टाकते : बुक करणे, सेव्ह करणे, चेक करणे. पोर्तुगीजांच्या वेळी असेच घडले होते. 'पगार' हे त्यांच्या भाषेत 'पैसे चुकते करणे' या अर्थाचे क्रियापद, आपल्याकडे निव्वळ नाम. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पगार राहिला. पण पगाराने महिन्याच्या ठरलेल्या मोबदल्याला एक नेमके नाव दिले. 'चेक करणे' तसे वागत नाही. त्याला चेकिंग हवे तर पुन्हा इंग्रजीकडे जायचे, चेकर हवा तर पुन्हा इंग्रजीकडेच.

यापेक्षा मोठे नुकसान शेजारच्या शब्दांचे होते. भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीच्या कुंडावर रोज घडणारी गोष्ट घ्या. तिथे तानसा नदीच्या काठी जमिनीतून कढत पाणी येते. कुंडात उतरणारा माणूस आधी हात बुडवून चटका किती बसतो याचा अंदाज घेतो, मग पाय सोडतो. 'पाणी चेक केले' म्हटले की हात गेला, चटका गेला, अंदाजही गेला. भाताची लोंबी दाताखाली धरून दाणा भरला का ते बघतात. सोने पारखतात. हिशेबाचा ताळा पाहतात, सही पडताळतात, खिसा चाचपतात, शीत चेपून भात शिजला का ते बघतात, पोलीस झडती घेतात, आणि दुखणे डॉक्टरांना दाखवतात. दुखणे दाखवण्यात तर कर्ता रोगी आहे. 'डॉक्टरांनी चेक केले' म्हणताच तो नुसता तपासला जाणारा देह उरतो. 'पोलिसांनी बॅग चेक केली' या वाक्यात त्यांनी ती वरून चाचपली, उघडून पाहिली की रीतसर झडती घेतली, हे कळत नाही. आणि कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसासाठी या तिन्हींत फार अंतर आहे.

यावर कोणी म्हणेल, 'करणे' लावून क्रियापद घडवणे ही मराठीची जुनीच रीत आहे : स्नान करणे, चौकशी करणे. खरे आहे. पण तिथे नाम नेमके असते, म्हणून 'करणे' मोघम असले तरी चालते. इथे दोन्ही मोघम. दुसरा आक्षेप असा की इंग्रजीतही चेकचा अर्थ पसरटच आहे. आहे, पण इंग्रजीने त्याच्या शेजारची निरीक्षणाची, पडताळणीची, लेखापरीक्षणाची क्रियापदे शाबूत ठेवली. आपण एकट्या चेकला घरात घेतले आणि घरच्यांना बाहेर बसवले. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारे एकाच मागाच्या खडखडाटात काम करतात, त्यांना सर्वांना कळेल असा शब्द हवा. तिथे चेक अगदी खुशाल चालावा. कापडावरचा दोष दाखवताना व्याकरण शिकवत बसण्याचे कारण नाही. पण मागावरची गरज वर्तमानपत्राला नाही, पाठ्यपुस्तकाला नाही आणि दोघे मराठी बोलणारे समोरासमोर असताना तर मुळीच नाही. तरुण मुले 'गुगलून बघ' म्हणतात ते मला आवडते. त्या शब्दाला मराठीचा प्रत्यय मिळाला आहे आणि त्याने कोणाला उठवलेले नाही.

मात्र प्रत्येक 'चेक'च्या जागी डोळे झाकून 'तपासा' छापणे हाही उपाय नव्हे. बँकेच्या यंत्रावर 'शिल्लक तपासा' असे लिहिलेले आढळते. खातेदार शिल्लक पाहतो. तपासतो तो लेखापरीक्षक. फोनवर 'संदेश तपासा' असते, आणि संदेश आपण वाचतो. शब्द अस्सल मराठी वळणाचा असूनही इथे तेच घडते जे चेकने घडत होते : दहा क्रियांवर एकच शिक्का. हे मजकूर मराठीत आणणाऱ्यांनी मूळ इंग्रजी शब्द क्षणभर बाजूला ठेवून, समोरचा माणूस त्या वेळी हाताने, डोळ्याने किंवा मनाने नेमके काय करतो आहे, एवढे विचारले तरी 'पाहा', 'वाचा', 'जुळवून पाहा', 'खात्री करा' असे निरनिराळे शब्द आपोआप पुढे येतील.