खाजणाचे शास्त्र आणि शाळेचा अभ्यासक्रम



भूगोलाच्या तासाला हॉलंड देशाचे नाव निघाले की समुद्र मागे सारून जमीन मिळविणाऱ्या तेथील लोकांचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु मांडवी आणि जुवारी यांच्या काठच्या गावांतून हाच उद्योग शतकानुशतके चालत आला आहे, याचा पत्ता त्या गावांतील मुलांनाही पुष्कळदा नसतो. गोमंतकात अशी खाजण जमीन सुमारे १७ ते १८ हजार हेक्टर असल्याचे सांगतात. तिच्यामागे जे ज्ञान उभे आहे, ते शालेय शिक्षणात यावे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू.

खाजण म्हणजे भरतीच्या पातळीहून सखल असलेली, बांध घालून राखलेली जमीन. चिखल, पेंढा आणि चिरे यांचे हे बांध. नदीच्या बाजूला खारफुटी राखली, म्हणजे लाटेचा मारा बांधावर येत नाही. बांधात ठिकठिकाणी मानस असते. त्याच्या लाकडी झडपा अशा बेताने बसविलेल्या असतात की भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागताच त्या मिटतात आणि ओहोटीला आतील पाण्याचा दाब वाढताच उघडतात. पहिल्या पावसाने जमिनीतील खार धुऊन निघाला की कोरगुट भाताची पेरणी होते. हे भात थोडा खारटपणा सोसते. कापणीनंतर खारे पाणी बेताने आत घेऊन मासळी आणि सुंगटे धरतात. एकाच जमिनीत पावसाळ्यात धान्य आणि उन्हाळ्यात मासळी, अशी ही व्यवस्था आहे. पदार्थविज्ञान, जीवशास्त्र आणि सहकार या तिन्ही विषयांचे धडे तिच्यात एकत्र सापडतात.

गणिताचेही तसेच. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. कोकण किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोक तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ ठरवितात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, असा तो आडाखा. स्थळपरत्वे त्यात थोडा फरक पडतो. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. पुढे पाऊणकी पुस्तकातून गेली, पण किनाऱ्यावर ती कामाची राहिली. आडाखा ४५ मिनिटांचा आणि प्रत्यक्ष अंतर ५० मिनिटांचे. मग पंधरा दिवसांत हिशेब फार चुकत का नाही, हा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गाला घालावा आणि उत्तर मुलांनी पंचांग व भरतीचे कोष्टक शेजारी ठेवून शोधावे. उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच का आणि भांग अष्टमीच्या सुमारासच का, हेही त्यातूनच उलगडेल.

हे ज्ञान कोणाचे, याचे उत्तर महाजनांच्या सभेत प्रांजळपणे दिले पाहिजे. गावकरीची रूढी पोर्तुगीजांच्या आधीची आहे. अफोन्सो मेशिया याने १५२६ साली फोरालात ती नोंदवून घेतली. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी, आणि श्रीशांतादुर्गेचे केळशी. ही गावे जुवारीच्या परिसरातील. तेव्हा महाजन घराण्यांचा खाजणाशी संबंध जुना आहे, यात शंका नाही. परंतु जमिनीचा हिशेब ज्यांनी ठेवला ते वेगळे, आणि कमरेइतक्या चिखलात उभे राहून ज्यांनी बांध घातला ते वेगळे. पाणी कधी घ्यावे आणि कधी सोडावे, हे दुसऱ्यांना अधिक कळत होते. पाठ्यपुस्तकात गावकऱ्यांचे नाव येऊन कुळांचे, गावड्यांचे आणि कुणब्यांचे नाव राहिले, तर तो धडा अर्धाच ठरेल.

१९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीचा हक्क मिळाला, हे न्यायाचेच झाले. मात्र बांध राखण्याची जी सामुदायिक जबाबदारी गावकरीकडे होती, ती नव्या संघटनांना सर्वत्र पेलली नाही. मानशीवरील मासळीचा लिलाव होतो. अधिक मासळीच्या लोभाने झडपा अवेळी उघड्या ठेवल्या की शेतात खार चढतो. कित्येक ठिकाणी बांध फुटून शेती पडीक झाली आहे. समुद्राची पातळी वाढत असताना हे ज्ञान हरपणे परवडणारे नाही. लोभाची आणि हयगयीची ही बाजूही मुलांना शिकविली पाहिजे. केवळ गौरवगाथा सांगून बांध उभा राहत नाही.

परिसराशी शिक्षणाची सांगड घालावी, हा विचार १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेपासून मांडला जात आहे. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि २०२० चे शैक्षणिक धोरण यांनीही तो पुरस्कारिला. धोका एवढाच की खाजणावर एक पाठ छापला जाईल, त्याखाली पाच प्रश्न येतील आणि मुले उत्तरे पाठ करून मोकळी होतील. त्यापेक्षा वर्षातून चार वेळा, म्हणजे पेरणी, कापणी, उधाण आणि भांग या वेळी, वर्ग मानशीवर न्यावा. तेथे मानस सांभाळणाऱ्या माणसाने शिकवावे, त्याला रीतसर मानधन मिळावे आणि मुलांनी त्याचे कोकणी शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यावेत.

यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा पुष्कळदा देवळाच्या आश्रयानेच चालल्या. आज देवस्थानाने अग्रशाळेची एक खोली द्यावी, घराघरांतून पडलेली जमिनीची जुनी मोडी व पोर्तुगीज टिपणे उतरवून शाळेला द्यावीत आणि पहिल्या वर्षाच्या मानधनाचा भार उचलावा. इंदूर, बडोदे, बेळगाव येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची मुले उत्सवाला येतात. त्यांनाही एक सकाळ बांधावर न्यावे. खार चढलेले शेत काही पावसाळ्यांनंतर धुऊन निघते. पण मानस चालविणारा शेवटचा जाणता गेला, तर पुढच्या पिढीला सांगणारा कोणी राहणार नाही. तो हयात आहे तोवरच हे कार्य हाती घेण्याची बुद्धी सर्वांना व्हावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.