महिरपी कंस कुठे उघडावा?

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारी माणसं कोरडी असतात, असा एक समज आहे. त्यांची भांडणं ऐका. ओळ कुठे तोडायची, किती आत सरकवायची, महिरपी कंस अटीच्याच ओळीत उघडायचा की खालच्या ओळीवर एकटा उभा करायचा! कर्निघन आणि रिची यांच्या 'सी' भाषेवरच्या १९७८ सालच्या पुस्तकात अटीचा कंस त्याच ओळीत उघडतो. एरिक ऑलमन यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत त्याला स्वतंत्र ओळ देते. यंत्राला दोन्ही सारखंच. हा सगळा खटाटोप वाचणाऱ्या माणसासाठी.

म्हणून ही हुज्जत रिकामटेकडी म्हणवत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित संकेतस्थळाची ओळख तपासणाऱ्या आज्ञावलीत 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली अटीखालची. दुसरीही तेवढीच आत सरकवलेली, म्हणून तीही अटीखालचीच वाटे. पण महिरपी कंस नव्हते, आणि कंसाविना अट एकाच आज्ञेपुरती चालते. दुसरी ओळ अट न बघताच अमलात यायची आणि पुढची सही पडताळण्याची पायरीच गळायची. डोळ्याने मांडणीवर विश्वास ठेवला होता.

गिडो व्हॅन रॉसम यांच्या 'पायथन'मध्ये, म्हणजे १९९१ साली आलेल्या भाषेत, असे कंसच नाहीत. ओळ किती आत आहे, यावरच ती कोणत्या अटीखालची ते ठरतं. गझलेचे दोन मिसरे सलग छापून शेराचं गद्य करणारे जुळारी मी पाहिले आहेत. पायथनमध्ये त्यांचा निभाव लागला नसता.

आता ओळ आत सरकवायची ती टॅबने की स्पेसने? पायथनची २००१ सालची नियमावली चार स्पेस सांगते, लिनक्सच्या गाभ्यात आठ घरांचा टॅब. माझा कौल टॅबला. त्याची रुंदी ज्याला त्याला आपल्या पडद्यावर बदलता येते. अधू दृष्टीमुळे अक्षरं खूप मोठी करून वाचणारा ती दोन घरांवर आणू शकतो. स्पेस असल्या की त्याच्या ओळी पडद्याबाहेर पळतात.

गूगलने २००९ साली जाहीर केलेल्या 'गो' भाषेसोबत तर मांडणी करून देणारं अवजारच येतं. ती मांडणी कुणाच्याच पहिल्या पसंतीची नाही, तरी अवजार सर्वांना आवडतं, असं त्या भाषेच्या कर्त्यांपैकी रॉब पाइक सांगतात. कवितेसाठी असं अवजार कुणी फुकट दिलं तरी मी घेणार नाही. पण कवितेखाली नाव एकाचंच असतं. आज्ञावलीवरून दहा जणांचे हात फिरतात. प्रत्येकाने आपापल्या आवडीने कंस हलवले, तर काल नेमकं काय बदललं हे शोधणाऱ्याला शंभर ओळी बदललेल्या दिसतात, आणि खरी बदललेली एक ओळ त्यांत हरवून जाते.