परदेशी सहल, ओळखीचे दुकान आणि आपली द्राक्षे

(द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अलीकडे आपल्यापैकी बरीच बागायतदार कुटुंबे युरोपच्या सहलीला जातात. तेथील राजवाडे, बर्फाचे डोंगर आपण पाहतोच. माझी सूचना एवढीच, की सहलीतला एक तास तेथील सुपरमार्केटसाठी राखून ठेवावा. आपल्या द्राक्षांचा शेवटचा मुक्काम तेथे असतो.

युरोपातील लोकही सुट्टीत परदेशी जातात. जर्मनी आणि इंग्लंडमधून लाखो माणसे स्पेनच्या समुद्रकिनारी येतात. पुष्कळजण भाड्याचे घर घेऊन स्वयंपाक घरीच करतात. गाव परके, भाषा परकी, भावाचा अंदाज नाही. अशा वेळी लिडल किंवा आल्डी या जर्मन दुकानांची पाटी दिसली, की पाय आपोआप तिकडे वळतात. परगावी गेल्यावर आपणही ओळखीच्या कंपनीच्या बियाण्याची पिशवी निर्धास्तपणे उचलतो, तसाच हा प्रकार. ग्राहक पाटीवर विश्वास ठेवून माल घेतो.

मात्र पाटी एक असली तरी मालक एकच असेल असे नाही. आल्डीचे उदाहरण घ्या. आल्ब्रेख्त नावाच्या दोन भावांनी १९६० च्या दशकात धंद्याची वाटणी केली. स्पेन आणि फ्रान्समधली आल्डी एका भावाच्या कंपनीची, तर इंग्लंडमधली दुसऱ्याच्या. हीच दुसरी कंपनी ऑस्ट्रियात 'होफर' या नावाने दुकाने चालवते. स्पारची गोष्ट तर आपल्या सहकाराच्या जवळची आहे. १९३२ साली नेदरलँडमध्ये छोटे दुकानदार एकत्र आले आणि एकजुटीने सर्वांचा फायदा होतो, या अर्थाच्या डच वाक्यातील आद्याक्षरांवरून त्यांनी नाव घेतले. आज अनेक देशांत ती पाटी आहे, पण बरीच दुकाने स्थानिक दुकानदारांच्याच मालकीची आहेत.

आता दुकानात गेल्यावर काय पाहावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट लेबल. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे द्राक्षांच्या वेष्टनावर मालाचा देश, प्रत आणि वाण लिहावा लागतो. भाषा येत नसली तरी देशाचे नाव ओळखता येते.

दुसरी गोष्ट भाव. संघाच्या १९९८ च्या निर्देशानुसार वेष्टनाच्या किमतीबरोबर किलोचा दरही दाखवावा लागतो. हे आकडे बारीक असतात. अर्धा किलोच्या डब्याची किंमत पाहून हुरळून जाऊ नये किंवा निराशही होऊ नये. किलोचा दर वहीत टिपून घ्यावा. त्यात वाहतूक, शीतगृह, पॅकिंग आणि दुकानाचा खर्च धरलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट हंगाम. आपली द्राक्षे प्रामुख्याने फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तेथे असतात. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिका आणि चिलीचाही माल येतो. मुलांच्या सुट्टीत, म्हणजे मे अखेरीस गेलात, तर इजिप्तची द्राक्षे दिसू लागतील. पुढे स्पेन-इटलीचा हंगाम सुरू होतो. आपल्याला मोकळी सापडणारी खिडकी किती अरुंद आहे, हे तेथे उभे राहिल्यावर चांगले समजते.

चौथी गोष्ट हाताळणी. स्पेनमधील अनेक दुकानांत ग्राहक प्लॅस्टिकचा हातमोजा घालून फळे उचलतो, स्वतः वजन करतो आणि चिठ्ठी चिकटवतो. मण्यावरची लव पुसली न जाण्याबद्दल आपण मजुरांना का बजावतो, ते यावरून कळेल.

बंधूंनो, पाटीवरचा हा विश्वास जपण्यासाठी युरोपातील दुकानदारांनी १९९७ साली युरेपगॅप ही पद्धत सुरू केली. २००७ पासून तिला ग्लोबलगॅप म्हणतात. आपल्याकडे अपेडाने २००६-०७ च्या सुमारास ग्रेपनेट सुरू केले. त्यामुळे डब्यापासून मागे थेट नोंदणीकृत बागेपर्यंत माग काढता येतो.

तरीही २०१० साली काय झाले, ते आपण विसरलेलो नाही. खरड छाटणीनंतर वाढ रोखून डोळ्यांत घडनिर्मिती व्हावी म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरले जात होते. फवारणीला महिने लोटले तरी त्याचा अंश फळात सापडला. युरोपची मर्यादा ०.०५ पीपीएम होती, म्हणजे एक टन द्राक्षांत ५० मिलिग्रॅम. माल अडकला आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. सुट्टीवरच्या ग्राहकाला बागेचे नाव ठाऊक नसते. तो फक्त दुकानाची पाटी आणि देशाचे नाव लक्षात ठेवतो. म्हणून एका बागेतली चूक सर्वांच्या मालाला भोवते.

यासाठी शिफारशीतलीच औषधे वापरा, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळा, फवारणीची नोंद त्याच दिवशी करा आणि उर्वरित अंशाचा अहवाल हाती आल्याशिवाय काढणी करू नका. वाढरोधक वापरण्यापूर्वी चालू हंगामाची यादी पाहा.

जाता जाता एक सूचना. परदेशातून येताना बियाणे, काड्या किंवा रोपे पिशवीत घालून आणू नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्यांना परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. काडीबरोबर नवा रोग आला, तर तो एका बागेपुरता राहणार नाही. आणायचेच असेल, तर लेबलांचे फोटो आणि भावांची वही आणा. पुढच्या मेळाव्यात आपण ती सर्वांसमोर वाचू.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो. जय जवान, जय किसान!